सासूबाईंची पाठ

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
१२ मार्च १९५७

फरजाना सिस्टर यांस जसोदाचा नमस्कार.

पहिल्या ओळीत 'इकडे सर्व खुशाल' लिहायचं असतं, असं चौथीत मास्तरांनी शिकवलं होतं. चौथीच्या पुढे मी काही शिकले नाही, तेव्हा तेवढं तरी पाळते. इकडे सर्व खुशाल आहे.

मी कोण हे विसरला असाल तर सांगते. शांतीलाल धर्मादाय दवाखाना, बायकांची खोली, खाट नंबर चार. कापसाच्या गाडीवरून पडून डाव्या मांडीचं हाड मोडलेली, ब्राह्मणपुरीच्या हिंमतराव पाटलांची बायको. पायाला चिकटपट्ट्या लावून त्यांना दोर, दोर कप्पीवरून पलीकडे, आणि दोराच्या टोकाला पिशवीत तीन विटा. खाटेचे पायथ्याचे खूर दगडांवर चढवलेले. डोकं खाली, पाय वर, अशी ब्याण्णव दिवस पडले होते. आठवलं ना?

आता काठी घेऊन ओसरीपर्यंत जाते. पाय बोटभर आखूड झालाय, पण चालतो. येणारा-जाणारा पाय कसा आहे ते विचारतो. पायाची चौकशी सगळे करतात, माझी कोणी करत नाही. तुम्ही सकाळी आलात की आधी पायाची बोटं हातात धरायचात, गार आहेत की गरम ते बघायचात, "हलवा बरं" म्हणायचात आणि मग विचारायचात, "झोप लागली का, ताई?" चौदाव्या वर्षी या घरात आले. तेव्हापासून न मागता पाणी कोणी हातात दिलं असेल तर तुम्ही. दर दोन तासांनी मला उचलून पाठ चोळायचात, शुक्रवारी केस विंचरायचात. मी लाजून मरत होते आणि शुक्रवारची वाटही बघत होते.

खरं सांगू का, मला दवाखान्याची आठवण येते. दवाखान्यासाठी कोणी झुरतं का? इथे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून तुम्हाला लिहिते.

टाचेवरची जखम भरली, पण डाग राहिला.

तुमची,
जसोदा


नंदुरबार
२५ मार्च १९५७

जसोदाताई,

खाट नंबर चार विसरायला मी काय म्हातारी झाले? तुम्ही गेल्यापासून खोली सुनी झाली. आखाजीच्या सणाची झोक्यावरची गाणी उताणी पडून म्हणणारी दुसरी बाई अजून मिळालेली नाही. डॉक्टरसाहेबांनीसुद्धा परवा विचारलं, "ती गाणारी बाई गेली का?"

पुरुषांच्या खोलीत तोरणमाळचा जालमसिंग म्हणून एकजण आहे, मोहाच्या झाडावरून पडलेला. तुमच्यासारखंच हाड, तुमच्यासारख्याच विटा. रोज सकाळी बघावं तर विटा खाटेखाली. रागावले तर म्हणतो, "जखमी बैलावर कोणी ओझं लादतं का, बाई?" आता याला काय सांगायचं! शेवटी म्हटलं, हा लगाम आहे, ओझं नाही. हाड पळतंय, त्याला धरून ठेवलंय. तेव्हापासून स्वतः विटांवर लक्ष ठेवून असतो.

आता हुकूम ऐका. आखाजीपर्यंत डोक्यावर हंडा घ्यायचा नाही. शहाद्याच्या चांभाराकडून डाव्या वहाणेला बोटभर जाड टाच लावून घ्या, नाहीतर कंबर धरेल. टाचेच्या डागाचं म्हणाल तर तुम्ही चुळबुळ फार करत होतात. गादीवर टाच घासून घासून कातडी गेली. पुढच्या वेळी मोडाल तर शहाण्यासारख्या पडून राहा.

तुमची,
फरजाना


ब्राह्मणपुरी
२० ऑगस्ट १९६१

फरजाना सिस्टर,

चार वर्षं आपण दिवाळीला आणि ईदला पत्रं लिहितो, पण हे पत्र सणाचं नाही.

माझ्या सासूबाई, तापीबाई, गोठ्याच्या उंबऱ्यात घसरून पडल्या. उजवा खुबा मोडलाय. पाय बाहेरच्या बाजूला वळून पडलाय, आखूड दिसतो, हलवला की किंचाळतात. वय सत्तर तरी असेल. हाडं बसवणाऱ्या झिपरूने उडदाच्या पिठाचा लेप लावून वर बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या. नंदुरबारला चला म्हणून ह्यांनी पाया पडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तठे जासू तं मरीसनच जासू." सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

त्या का येत नाहीत ते मला ठाऊक आहे, आणि ते मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. मी तुमच्याकडे असताना त्या एकदाच आल्या होत्या. तुम्ही मला फुलपात्राने पाणी पाजत होतात. ते पाहून दारातूनच परत फिरल्या. मी घरी आले तर मला आठ दिवस गोठ्यालगतच्या पडवीत ठेवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कारण मुसलमान बाईच्या हातचं प्याले होते. उठता येत नव्हतं. पाणी मागितलं की आतून म्हणायच्या, "तुन्ही सिस्टरले बोलाव." तेव्हा मी तुम्हाला लिहिलं होतं, इकडे सर्व खुशाल.

आता त्यांचं सगळं मलाच करायचं आहे. दुसरी बाई घरात नाही. कसं करायचं ते पत्रातून शिकवाल का? तुम्ही माझं जे केलंत ते मला आठवतं, पण ते उताणं पडून पाहिलेलं.

जसोदा


नंदुरबार
२३ ऑगस्ट १९६१

जसोदाताई,

पत्रातून रोगी सांभाळणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी हाकते. डॉक्टरसाहेबांना विचारूनच लिहिते आहे. अजूनही त्या तयार झाल्या तर बैलगाडीत गवत घालून घेऊन या.

पहिलं काम आजच करा. पायाची बोटं बघा. गार, निळसर किंवा बधिर असतील तर झिपरू काय म्हणेल ते म्हणू दे, कामट्या सोडा. बांधलेल्या पायाची बोटं कायम उघडी राहिली पाहिजेत.

सुतळीची बाज चालणार नाही, तिला झोळ पडतो. वर फळ्या टाका, फळ्यांवर गोधड्या. नदीची वाळू चाळून उन्हात कडक वाळवा, धोतराच्या जुन्या कापडाच्या लांब पिशव्या शिवून भरा. पायाच्या दोन्ही अंगांना एकेक लावा, म्हणजे पाय बाहेर वळणार नाही. टाच अधांतरी ठेवायची, घोट्याखाली कापसाची गुंडाळी. आढ्याला दोर बांधून हाताशी लोंबता सोडा, त्याला धरून त्यांनी वरचं अंग उचलावं. रोज दहा वेळा खोल श्वास घ्यायला लावा. कुरकुर केली तरी.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पाठ. दर दोन तासांनी उचलायचं, चादरीची सुरकुती मोडायची, माकडहाडाची जागा चोळायची. म्हातारी माणसं मोडलेल्या हाडाने मरत नाहीत, ताई. पाठीने मरतात. कातडी एकदा फुटली की आत हाडापर्यंत सडत जातं आणि ताप चढतो. दोन तास म्हणजे दोन तास. रात्री हिंमतरावांनी हात लावावा.

पडवीचं मला ठाऊक नव्हतं. वाचून वाईट वाटलं. त्या दारातून फिरल्या ते मात्र मी पाहिलं होतं.

फरजाना


ब्राह्मणपुरी
२० सप्टेंबर १९६१

फरजाना सिस्टर,

हे पत्र लिफाफ्यात घालून स्वतः टपालात टाकते आहे. वाचून फाडून टाका.

कामट्या सोडल्या. बोटं गार होती, ती दुसऱ्या दिवशी गरम झाली. वाळूच्या पिशव्या केल्या, फळ्या टाकल्या, दोर बांधला. तीन आठवडे दर दोन तासांनी उचललं. गावातून बायका बघायला यायच्या, म्हणायच्या, जसोदाने घराचाच दवाखाना केला.

पण त्या माझ्याकडे काही मागत नाहीत. पाणी हवं असेल तर तांब्याकडे बघतात. दुखलं तर भिंतीकडे तोंड करतात. मी उचलते तेव्हा डोळे मिटून घेतात, जणू मी तिथे नाहीच. गेल्या शनिवारी मी पाठ चोळत होते तेव्हा म्हणाल्या, "हाई तू तुन्ही त्या सिस्टरकडथीन शिकनी का?" मी हो म्हटलं. त्यांनी पाठ आखडून घेतली.

माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, आता तुम्ही 'जसोदे, उचल' म्हणाल तेव्हाच उचलेन. पडवीत मी आठ दिवस मागत होते. तुम्ही एकदा मागून बघा.

रविवारी मागितलं नाही. सोमवारी मागितलं नाही. मी भाकरी, पाणी, भांडं सगळं वेळेवर दिलं. ह्यांनी विचारलं तर उचललं म्हणून सांगितलं. फक्त उचललं नाही. मंगळवारी संध्याकाळी चादरीवर ओलं दिसलं. माकडहाडावर रुपयाएवढी कातडी गेली आहे. कडा काळ्या आहेत, वास येतो.

सिस्टर, हे चुकून झालेलं नाही. काय होईल ते तुम्ही लिहिलं होतं, मी तीनदा वाचलं होतं. जाणूनबुजून केलं. त्या मेल्या तर मी मारलं असं होईल. काय करू ते लवकर लिहा.

जसोदा


(पोस्टकार्ड)
नंदुरबार
२२ सप्टेंबर १९६१

जसोदाबाई यांस,

पाणी उकळून गार करावं, शेरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ. दिवसातून दोनदा जखम धुवावी. काळं सुटेल तेवढंच काढावं, ओढू नये. उकळून वाळवलेलं कापड ठेवावं. तेल, हळद, राख काही लावू नये. त्या जागेवर मुळीच भार नको, वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने चांगल्या कुशीकडे किंचित कलतं ठेवावं. दूध, डाळ भरपूर. ताप आला तर न थांबता दवाखान्यात आणावं.

फरजाना


ब्राह्मणपुरी
४ ऑक्टोबर १९६१

फरजाना सिस्टर,

सांगितलं तसं करते आहे. काळं सुटलं. खालचं लाल दिसतं. ताप नाही.

तुमचं कार्ड मिळालं. त्यात 'ताई' नव्हतं, 'जसोदाबाई' होतं. मला समजलं. तुमच्या जागी मी असते तर मीही तेवढंच लिहिलं असतं. पुढे लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नका. मी मनाला लावून घेणार नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे.

जसोदा


नंदुरबार
९ ऑक्टोबर १९६१

जसोदाताई,

अहो, पोस्टकार्ड उघडं असतं! पोस्टमन वाचतो, तुमचे हिंमतराव वाचतात. लिफाफा घरात नव्हता आणि जखमेला वेळ नव्हता. म्हणून हिशेबी शब्द लिहिले. लाल दिसतंय म्हणजे भरतंय. तीच रीत चालू ठेवा.

रागावण्याचा मला हक्कच नाही. का ते आज लिहिते. चार वर्षं लिहिणार होते.

तुमच्या सासूबाई दारातून फिरल्या तेव्हा मी त्यांच्या मागे व्हरांड्यात गेले होते. त्यांनी आणलेली मोसंबी तुमच्या खाटेपाशी ठेवायला सांगतील असं वाटलं, म्हणून मी पिशवी धरली. त्यांनी मोसंब्यांची पिशवी झाडूवाल्या बाईला देऊन टाकली, कारण मी त्या पिशवीला हात लावला होता. मी त्यांना काहीच बोलले नाही. गणवेश घातलेला होता.

मग मी खोलीत आले आणि तुमच्या खाटेकडे गेले नाही. तुम्ही त्यांच्या घरच्या, एवढंच डोक्यात होतं. दुपारभर इतर सगळ्या खाटा केल्या, चार नंबर सोडून. तुम्ही एकदा म्हणालात, "सिस्टर, टाच जळजळते." मी ऐकलं आणि औषधाच्या कपाटाकडे वळले. घोट्याखालची गुंडाळी सरकून टाच गादीवर टेकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं बघायला आले तेव्हा टाचेची कातडी गेलेली होती.

तुम्ही कधीच चुळबुळ केली नाहीत, ताई. तुमच्याइतकी शांत बाई मी पाहिली नाही. चुळबुळीचं खोटं मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगितलं, पत्रात थट्टा करून पुन्हा सांगितलं. तुम्ही मात्र दर दिवाळीला लिहिता की तुमच्यासारखं कोणी माझं केलं नाही. प्रत्येक पत्र वाचून मी खाली मान घालून बसते.

फरजाना


ब्राह्मणपुरी
१ डिसेंबर १९६१

फरजाना सिस्टर,

सात आठवडे मी तुमच्यावर रागावले होते, हे आधी लिहिते. टाचेसाठी नाही. टाच काय, पायासकट गेली असती तरी मी तुम्हाला काही बोलले नसते. राग आला तो त्या ब्याण्णव दिवसांसाठी. माझ्या आयुष्यात सुखाचं म्हणून तेवढंच गाठोडं होतं. अंगणात भुईमूग फोडत बसले की मी ते सोडून बघायची. त्यात तुम्ही हात घातलात.

मग एक दिवस जखम धुताना मनात आलं, ब्याण्णवातल्या एका दुपारी तुम्ही आला नाहीत. बाकीच्या सगळ्या वेळी आलात की नाही? त्या दिवसानंतर तर जास्तच यायचात. मला वाटायचं, मी आवडते म्हणून. आता वाटतं, दोन्ही खरं असेल. गाठोडं मी पुन्हा बांधून ठेवलंय.

जखम भरली. परवा शेवटचं कापड काढलं. कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, पण बंद झाली. खुबा काही नीट जुळलेला नाही. दोराला धरून बसत्या होतात, धरून उभं केलं तर चार पळं उभ्या राहतात. याहून जास्त होणार नाही, असं मला वाटतं.

कापड काढलं तेव्हा मी त्यांना विचारलं, "आई, आता दुखतं का?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तीन दिन तू मले उचलं नही."

त्या सगळं मोजत होत्या. रविवार, सोमवार, मंगळवार. मी म्हटलं, "तुम्ही ह्यांना सांगितलं का नाही?"

म्हणाल्या, "हिंमतले सांगी दिन्हं असतं, तं त्यानी तुले माहेरले धाडी दिन्हं असतं. मंग मले कोन उचलतं?"

मला हसू आलं, सिस्टर. रडूही आलं. त्यांच्या पायाशी बसून मी दोन्ही केलं. त्यांनी थोडा वेळ चालू दिलं आणि मग म्हणाल्या, "व्हयनं का? आते उचल. दोन तास व्हई ग्यात." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

तुमच्या हातचं पाणी त्या अजूनही पिणार नाहीत. खोटं कशाला लिहू? पण तुम्ही शिकवलेल्या हातांनी रोज पाठ चोळून घेतात, आणि उशीर झाला तर ओरडतात.

तुमची,
जसोदा


ब्राह्मणपुरी
२२ मे १९६२

फरजाना सिस्टर,

सासूबाई गेल्या. आखाजीच्या आदल्या दिवशी. तीन दिवस छातीत कफ होता, शहाद्याचे डॉक्टर येऊन गेले, उपयोग झाला नाही. शेवटी दोर धरून बसायचं म्हणाल्या, मी मागून टेकू दिला, आणि टेकलेल्याच गेल्या. मला बराच वेळ कळलं नाही.

वाळूच्या पिशव्या मी परत नदीत रिकाम्या केल्या. फळ्या काढल्या. बाज पुन्हा सुतळीची झाली. कामाला हात सुटे झाले, आणि दर दोन तासांनी मी काय करत असेन ते टाकून उठते. परवा शेतात उठून उभी राहिले, खुरपं हातात, आणि कुठे जायचं होतं ते आठवेना. तुमच्या खोलीसाठी झुरत होते, तशीच आता त्या नऊ महिन्यांसाठी झुरते. त्यांच्या शिव्यांसकट. हेही कोणाला सांगण्यासारखं नाही.

पण एक सांगायचं आहे, त्यासाठी हे पत्र.

आमच्याकडे बाई गेली की भावकीतल्या बायका मागच्या अंगणात चादरी धरून तिला आंघोळ घालतात. नऊ महिने खाटेवर असलेल्या बाईची पाठ तिथे सगळ्यांना दिसते. सुनेने काय केलं ते तिथेच कळतं, आणि गावभर होतं. चुलत सासू रंजनाबाईंनी त्यांना कुशीवर केलं. बघत राहिल्या. म्हणाल्या, "देखा वं बाया, नऊ महिना खाटवर, आनि पाठ कशी शे!" एकेक बाई वाकून बघून गेली. कोणी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कोणी म्हणाली, अशी सून आम्हाला नाही.

मग रंजनाबाईंचं बोट माकडहाडावरच्या पांढऱ्या डागावर थांबलं. रुपयाएवढा डाग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला गप्प बसता आलं असतं. नऊ महिने म्हटलं की एखादा डाग कोणीही समजून घेतं. पण त्या तिथे पडल्या होत्या, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तीन दिवस मी त्यांना रागाने उचललं नाही. त्याचा आहे."

चादर धरलेल्या बायका जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या मला बाहेर काढतील. सगळ्या कोणाच्या तरी सुना होत्या, सिस्टर, आणि निम्म्या कोणाच्या तरी सासवा. एकीनेही माझ्या डोळ्यात पाहिलं नाही.

रंजनाबाईंनी तळहात त्या डागावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पानी टाक, जसोदे. थंडं व्हई ऱ्हायनं."

मी पाणी ओतलं. त्यांनी आधी तीच जागा धुतली.

तुमची,
जसोदा